चौघांत लपता येत नाही

(मंडळाच्या श्रावणातील श्रवणसंध्येत वाचलेल्या भाषणाचा मजकूर. जिथे ध्वनिमुद्रण ऐकवलं, तिथे कंसात तशी नोंद केली आहे.)



आज बोलणारे आम्ही तिघं आहोत, उभा मात्र एकच आहे. भाषण तिघांनी मिळून लिहिलं आणि वाचायचं कुणी ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आमच्यातल्या एकाची उभी नोकरी भेलच्या कारखान्यात गेली, दुसऱ्याची बँकेत, आणि तिसऱ्या बाई शाळेत गणित शिकवत. संगीत आम्ही शिकलेलो नाही. ऐकत मात्र आलो आहोत, आकाशवाणी भोपाळ आणि रेडिओ सिलोनच्या दिवसांपासून.

‘या वेळी जॅझ ऐकवणार’ असं आम्ही कळवलं तेव्हा दोन-तीन फोन आले. श्रावण महिना, भजनं आणि नाट्यपदं सोडून हे काय मध्येच? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर भाषणाच्या शेवटी आहे, आणि ते आपल्या मंडळाबद्दल आहे. तोवर थोडा धीर धरावा ही विनंती.

वाद्य आहे ट्रंपेट. ट्रंपेट म्हटलं की आपल्या कानात काय वाजतं? लग्नसराईत पिपलानीच्या रस्त्यावरून बारात जाते, पुढे लाल डगलेवाला बँड, आणि त्यात एक माणूस गाल फुगवून सगळ्यांच्या वर आवाज काढत असतो, तो. नाहीतर विसर्जनाची मिरवणूक. त्याच्याही मागे गेलो तर तुतारी, आणि तुतारी म्हटलं की शाळेतले केशवसुत. म्हणजे हे साद घालायचं, खडबडून जागं करायचं वाद्य. कारखान्याचा भोंगा आणि ट्रंपेट यांचं काम आपण एकच मानतो.

आमचीही तीच समजूत होती. ती मोडली एका पेटीमुळे. आमच्यापैकी एकाचे मामा गिरगावात राहत. ते गेल्यावर घर आवरताना ७८च्या रेकॉर्डींनी भरलेली एक लोखंडी पेटी निघाली आणि ‘तुम्हाला आवड आहे, तुम्हीच न्या’ म्हणून गोविंदपुऱ्याला आली. बालगंधर्व, हिराबाई, मास्टर दीनानाथ, आणि त्यांच्यामध्ये एक वेगळीच तबकडी. लेबलवर इंग्रजीत नाव होतं, चिक अँड द म्युझिक मेकर्स. ती लावली आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघतच राहिलो. हे आधी ऐका.

(इथे रेकॉर्ड ऐकवली.)

तीन मिनिटं झाली आणि संपलं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावायचंच तेवढं. आता हा चिक कोण ते सांगतो.

त्याचं खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यात बार्देश तालुक्यातल्या हळदोण्याचा. रंगमंचावरचं नाव चिक चॉकलेट. मुंबईची माणसं त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आर्मस्ट्राँग म्हणजे अमेरिकेतला तो काळा ट्रंपेटवादक, ज्यानं १९२५ पासून शिकागोत ‘हॉट फाइव्ह’ नावाच्या पाच जणांच्या संचाबरोबर तीन-तीन मिनिटांच्या रेकॉर्डी केल्या आणि जगभरच्या वादकांना वेड लावलं. त्या रेकॉर्डी बोटीतून मुंबईला येत. गोव्याची पोरं त्या पुन्हा पुन्हा लावत, सुई मागे नेत, आणि तेच वाजवायचा प्रयत्न करत. एकलव्यासारखं शिक्षण.

गोव्याचीच पोरं का, हे समजून घेण्यासारखं आहे. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना संगीत शिकवलं जाई. आपल्याकडे मूल पाढे म्हणतं तसं तिकडचं मूल पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिके. हातात व्हायोलिन येई, रविवारी चर्चमध्ये गायला-वाजवायला उभं राहावं लागे. गावात शेती थोडी, नोकरी नाही. मग हीच विद्या घेऊन मुलं मुंबईला येत आणि धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावच्या ‘कुडां’मध्ये राहत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणी काढून चालवलेली राहण्याची जागा. भिंतीला लागून ट्रंका, मध्ये देव्हारा, आणि पाहुण्याला चटईपुरती जागा. आपले वाडवडील हेवी इलेक्ट्रिकल्सच्या भरतीसाठी इथे आले तेव्हा चार-चार जण एका क्वार्टरमध्ये राहत होते, तसंच.

गोवा भोपाळपासून लांब, असं कुणाला वाटत असेल तर एक आठवण करून देतो. ज्या भारत भवनाच्या पायऱ्यांवर बसून आपण तलाव बघत मैफली ऐकल्या, ते १९८२ साली उघडलेलं भवन ज्यांनी रचलं ते चार्ल्स कोरिया मूळ गोव्याच्याच घराण्यातले. तेव्हा गोव्याचं देणं आपल्या गावातही आहे.

मुंबईत ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकेतला काळा कलावंत आपला बँड घेऊन आला. पुढे क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक यांनीही तिथे बँड चालवले. गोव्याच्या मुलांना रेकॉर्डीतला आवाज आता समोर ऐकायला मिळू लागला. पुढच्या काही वर्षांत तिथे त्यांच्याच पोरांचे बँड उभे राहिले आणि चाळीसच्या दशकात चिक चॉकलेट ताजमध्ये वाजवू लागला. तुम्ही आत्ता ऐकलीत ती रेकॉर्ड याच घडामोडीतून आलेली.

आता जरा गंमत करू. चिकचं वादन म्हणजे जॅझच्या भाषेत ‘हॉट’. आपल्या भाषेत झणझणीत. त्याच्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेत याच्या उलटी चाल निघाली, तिला ‘कूल’ म्हणतात. १९४९ आणि १९५० साली माइल्स डेव्हिस या तरुण ट्रंपेटवादकानं नऊ जणांचा संच घेऊन काही रेकॉर्डी केल्या. पुढे १९५७ साली त्या ‘बर्थ ऑफ द कूल’ या नावानं एकत्र निघाल्या. १९५२ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिसमध्ये आणखी एक संच जमला. त्यात चौघंच होते, आणि ट्रंपेटवर होता चेट बेकर, बावीस वर्षांचा पोरगा. तो ऐका.

(इथे चेट बेकर आणि जेरी मलिगन यांच्या संचाचं १९५२ सालचं ध्वनिमुद्रण ऐकवलं.)

हेच वाद्य, बरं का. तेच पितळ, त्याच तीन कळा. आवाज बदलला तो ओठांनी आणि श्वासानं. ट्रंपेटमध्ये पेटीसारखी पट्टी नसते आणि बासरीसारखी सगळी भोकंही नसतात. तीन कळांवर सगळे सूर निघतात, कारण एकाच कळेवर ओठ कमी-जास्त आवळले की वेगवेगळे सूर येतात. म्हणजे वादकाचे ओठच निम्मं वाद्य असतात. जोरात फुंकलं की आवाज आपसूक उठतो. हळू वाजवायचं आणि तरी सूर थरथरू द्यायचा नाही, हे कठीण. ज्यांनी तंबोऱ्यावर नुसता षड्ज लावून बघितला आहे त्यांना हे सांगायला नको.

हा फरक आमच्यातल्या बाईंनी स्वयंपाकघरात नेऊन समजावला. झणझणीत रश्श्यात एखादी फोड कच्ची राहिली तरी खपून जाते. तिखट, मसाला, तर्री सगळं सांभाळून घेतं. पण साधं गोडं वरण घ्या. डाळ, हळद, हिंग, मीठ आणि किंचित गूळ. त्यात डाळ कमी शिजली असेल तर पहिल्या घासाला कळतं. चेट बेकरचं वादन हे वरण आहे. दडायला जागाच नाही.

पण आम्हाला त्याहून जास्त लक्षात राहिली ती त्या संचाची रचना. चार माणसं: ट्रंपेटवर बेकर, जाड आवाजाच्या बॅरिटोन सॅक्सोफोनवर मलिगन, एक बास वाजवणारा आणि ड्रम्सवर चिको हॅमिल्टन. पियानो नाही. आपल्याला यात विशेष वाटणार नाही, पण जॅझमध्ये पियानो म्हणजे आपल्या मैफलीतली पेटी आणि तंबोरा दोन्ही. खाली स्वरांची चटई तोच अंथरतो, आणि वर वाजवणारा तीवर निर्धास्त चालतो. ती चटई यांनी काढून घेतली. मग दोघांनी एकमेकांना सावरायचं. बेकर वर सूर धरतो तेव्हा मलिगन खालून त्याला आधार देतो, मलिगन पुढे आला की बेकर मागे सरकतो आणि दोन-तीनच सूर घालतो. बोलणं चाललंय असं वाटतं. एकाचं वाक्य पुरं झाल्याशिवाय दुसरा तोंड उघडत नाही, आणि उघडलं तर पहिल्यानं काय म्हटलं ते ऐकून उघडतो. तो संच एक वर्षही टिकला नाही. त्याच्या रेकॉर्डी सत्तर वर्षं टिकल्या आहेत.

जागा सोडण्याचं हे शहाणपण आपल्याला नवीन नाही. इंदूरच्या वाटेवर आपल्या शेजारी देवास आहे. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयानं आजारी होऊन तिथे आले आणि काही वर्षं अंथरुणाला खिळले. एक फुफ्फुस जवळपास निकामी झालं. बरे होऊन गायला बसले तेव्हा लांबलचक दमसासाची गायकी शक्य नव्हती. सूर लहान तुकड्यांनी येऊ लागला आणि दोन तुकड्यांमध्ये शांतता येऊ लागली. आमच्यापैकी दोघांनी त्यांना समोर ऐकलं आहे. सुरुवातीला वाटे की श्वास संपला म्हणून थांबले असतील. पाच मिनिटांत कळे की थांबणंही गाण्यातच आहे, आणि तबलजी त्या थांबण्याची वाट बघत वाजवतो आहे.

चेट बेकरची गोष्टही या बाबतीत तशीच, फक्त दुःख त्यानं बरंचसं स्वतः ओढवून घेतलेलं. त्याला अमली पदार्थांचं व्यसन होतं. १९६६ साली मारहाण झाली आणि पुढे दात गेले. ट्रंपेटवाल्याचे दात जाणं म्हणजे सतारियाची बोटं जाणं. कवळी बसवून त्यानं सूर लावायला अगदी पहिल्यापासून शिकून घेतलं आणि सत्तरच्या दशकात पुन्हा उभा राहिला. १९७९ साली कोपनहेगनमध्ये त्यानं तिघांचाच संच घेऊन काही ध्वनिमुद्रणं केली. ट्रंपेट, डग रेनीची गिटार आणि नील्स-हेनिंग पेडरसनचा बास. आता ड्रमही नाही. ठेका कुणी वाजवत नाही, तिघांच्या मनात चालू असतो. १९८८ साली तो अ‍ॅम्स्टरडॅममध्ये गेला. व्यसनाचं कौतुक आम्हाला नाही, तरुण मंडळींनी त्यातलं ट्रंपेटच घ्यावं.

(इथे १९७९ सालच्या त्रयीचं ध्वनिमुद्रण ऐकवलं.)

परत मुंबईला येऊ. चिक चॉकलेटचं पुढे काय झालं? १९४९ साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा आला. हॉटेलांतली रात्र लवकर संपू लागली आणि बँडवाल्यांची पोटं त्याच रात्रींवर भरत. ही माणसं मग सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळली. तिथे त्यांची गरज होतीच. आपले संगीतकार चाल गाऊन दाखवत, ती पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवणार कोण? नोटेशन वाचणारी आणि लिहिणारी गोव्याची माणसं. फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे सेबास्टियन डिसूझा मुंबईला आले आणि ओ. पी. नय्यर, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना त्यांनी केली. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना शिकवलं, आणि शिष्यानं १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात गुरूचं नाव घालून ऋण फेडलं.

चिक चॉकलेटची गाठ पडली ती आपल्या माणसाशी. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली शिकलेले. आणि पडद्यावर भगवानदादा पालव, जन्म अमरावतीचा, वाढ मुंबईच्या गिरणगावातली. १९५१ सालचा ‘अलबेला’ हा या मंडळींचा. घराघरात अंगाई म्हणून गायली गेलेली चाल आणि पायांना स्वस्थ बसू न देणारी चाल एकाच सिनेमात आहे, आणि दुसरीच्या पितळी वाद्यांमागे चिकचा हात आहे. एका गाण्यात तर चिक आणि त्याचा बँड झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून खुद्द पडद्यावर दिसतो. घरी गेल्यावर मोबाइलवर बघा. इतकी वर्षं आपण भगवानदादांचे पाय आणि गीताबालीचा चेहरा बघत आलो. या वेळी मागे बघा.

भगवानदादांची श्रीमंती पुढे गेली. उतारवयात ते दादरला चाळीत राहत. दादरची मंडळी सांगतात की विसर्जनाच्या मिरवणुका त्यांच्या घराशी थांबत आणि बँडवाले ‘अलबेला’ची चाल वाजवत. त्यांना मान मिळाला, हे चांगलंच झालं. पण त्या चालीत ट्रंपेट वाजवणाऱ्याच्या दाराशी कुठली मिरवणूक थांबली? चिकनं स्वतः तीन सिनेमांना संगीत दिलं, ‘नादान’, ‘रंगीली’ आणि ‘कर भला’. १९६७ साली तो मुंबईत गेला तेव्हा वय एक्कावन्न. त्याला निदान स्वतःचं नाव मिळालं. ज्यांचे बँड नव्हते, जे दुसऱ्या ओळीत तिसऱ्या खुर्चीवर बसून वाजवत, दिवसाच्या हिशेबानं पैसे घेत आणि शेवटची लोकल पकडत, त्यांची नावं तबकडीवर सहसा नसतच. गायक, गीतकार, संगीतकार आणि सिनेमा, एवढंच.

इथे आम्हाला एक गोष्ट टोचली. १९५२ साली सात समुद्रांपलीकडे चौघांनी केलेल्या रेकॉर्डीत बास कुणी वाजवला, ड्रम कुणी वाजवला, कुठल्या गावी, कुठल्या महिन्यात, हे सगळं वेष्टनावर छापलेलं असतं. त्यामुळे गोविंदपुऱ्यात बसून आम्ही चिको हॅमिल्टन हे नाव घेऊ शकतो. आणि मामांच्या पेटीतली रेकॉर्ड आपल्याच मुंबईची, पण लेबलवर एका चिकचं नाव आणि पुढे ‘म्युझिक मेकर्स’. म्हणजे वाजवणारे. त्या शब्दात सगळे एकत्र पुरलेले.

लहान संचात दोन गोष्टी होतात, असं आम्हाला या दोन वर्षांच्या ऐकण्यातून कळलं. चौघांत कुणाला लपता येत नाही. चुकला तर कळतो, आणि दुसऱ्याचं न ऐकता वाजवू लागला तरी कळतो. आणि चौघांत कुणाला लपवताही येत नाही. प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येतो, मग त्याचं नाव विचारावंसं वाटतं. पन्नास जणांच्या गर्दीत ही दोन्ही कामं सुटतात.

आता फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर.

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात गाण्याचा कार्यक्रम पहिल्यापासून आहे. पूर्वी पेटी, तबला, कधी व्हायोलिन, टाळ असा चार-पाच जणांचा संच असे. कारखान्यातून पाळी संपवून माणसं थेट तालमीला येत. गेली काही वर्षं आपण ट्रॅक लावतो. खर्च कमी, तालीम नको, आवाज कॅसेटसारखा चोख. ठराव झाला तेव्हा आम्हीही हात वर केला होता, ते नाकारत नाही.

एक काकू आज इथे बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी या व्यासपीठावर अभंग म्हणताना तिसऱ्या चरणाला त्यांना शब्द आठवेनात. पेटीवाल्यांनी मान वर केली. तबलजींनी ठेका सोडला नाही, अंगही दाखवलं नाही, नुसता ठेका धरून दोन आवर्तनं काढली. पेटीवाल्यांनी चरणाचे पहिले दोन सूर हळूच वाजवले. तेवढ्यावर काकूंना शब्द सापडले आणि समेवर त्या बरोबर आल्या. समोर बसलेल्यांना वाटलं, मुद्दाम जागा सोडली असेल. टाळी पडली.

परवाच्या गणपतीत त्याच काकू, तोच अभंग. त्याच जागी पुन्हा अडल्या. ट्रॅक पुढे निघून गेला. त्याला कुठे माहीत की कुणी अडलं आहे? बासरीचा तुकडा वाजला, पुढचा चरण आला, तोही गेला. काकू माइक हातात धरून उभ्या होत्या. कुणी हसलं नाही, आपली माणसं तशी नाहीत. पण त्यानंतर त्यांनी ‘आता पुरे, आता तरुणांना द्या’ असं म्हटलं आणि यंदा नाव दिलं नाही. गळा अजून चांगला आहे. गेलं काय, तर त्यांचं ऐकणारी दोन माणसं.

त्या दोघांपैकी तबलजी या फाल्गुनात गेले. तीस वर्षं त्यांनी आपल्या प्रत्येक गायकाला साथ केली. शोकसभेसाठी आम्ही चार शब्द लिहायला बसलो आणि कुठल्या साली त्यांनी कुणाबरोबर वाजवलं हे बघायला जुन्या स्मरणिका काढल्या. कपाटातल्या सगळ्या स्मरणिका चाळल्या. गायकांची नावं आहेत, निवेदकाचं आहे, मंडपवाल्याचं आणि जाहिरातदारांचं आहे. वादकांसमोर दर वर्षी एकच छापलं आहे: ‘व साथीदार’. तीस वर्षांत एकदाही त्यांचं नाव नाही. त्यातल्या तीन स्मरणिकांचं संपादन आमच्यापैकी एकानं केलेलं आहे. मुंबईच्या कंपनीला ‘म्युझिक मेकर्स’बद्दल बोल लावायला निघालो होतो, आणि आमच्याच हातचं ‘व साथीदार’ समोर आलं.

त्या रात्री तिघांनाही झोप आली नाही. म्हणून हे भाषण.

मागणं दोन आहेत. पहिलं कार्यकारिणीकडे. दहा दिवसांपैकी एक संध्याकाळ ट्रॅकविना ठेवावी. मोठा ऑर्केस्ट्रा नको, तेवढी आपली ऐपत नाही आणि गरजही नाही. तिघं पुरेत: एक पेटी, एक तबला आणि तिसरं ज्याला जे येत असेल ते. आपल्या बरखेड्याच्या एका घरातला मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. त्याला या संध्याकाळी बोलवावं आणि अभंगामागे हळू वाजवायला सांगावं. पहिल्या वर्षी चुकेल. आपण ऐकून घेऊ. काकूंनीही नाव द्यावं, अशी आमची त्यांना सगळ्यांसमोर विनंती आहे. अडलात तर थांबायला माणसं असतील.

दुसरं मागणं सगळ्यांकडे. बाहेर दाराजवळ फळ्यावर एक मोठा कागद लावला आहे. जुन्या तालमींचे फोटो, घरोघरच्या वह्या आणि ज्येष्ठांची आठवण यांतून मंडळाच्या वादकांची जेवढी नावं जमली तेवढी सालवार लिहिली आहेत. बऱ्याच सालांपुढची जागा कोरी आहे. चहाला जाताना तिथे थांबा. दोरीला पेन बांधून ठेवलं आहे. तुमचे वडील, काका, शेजारी, कुणीही एखाद्या वर्षी टाळ जरी धरला असेल तरी त्यांचं नाव लिहा. संपादकांनी कबूल केलं आहे की ही यादी यंदाच्या स्मरणिकेत पूर्ण छापली जाईल आणि ‘व साथीदार’ हे शब्द पुन्हा छापले जाणार नाहीत.

तबलजींचं नाव यादीत सगळ्यांत वर आहे. ते आम्ही इथून सांगत नाही. तुम्ही उठून, दाराशी जाऊन, स्वतः वाचावं अशी इच्छा आहे.

गणपती बाप्पा मोरया.